देवांचे लाडके

बारा वर्षांपूर्वी एका संकलनासाठी मी सोळाव्या शतकातल्या काही इंग्रजी मेंढपाळगीतांचा मराठी अनुवाद केला होता. त्यात एडमंड स्पेन्सरच्या ‘द शेपर्ड्‌स कॅलेंडर’मधले (१५७९) काही भाग होते. या गीतांत मेंढ्यांना वारंवार एक विशेषण लागतं. जुन्या वर्तनीत ते ‘सीली’ आहे, आजच्या इंग्रजीत ‘सिली’. मी फारसा विचार न करता लिहून टाकलं, ‘मूर्ख मेंढरं’. संकलन छापून आलं. कुणी हरकत घेतली नाही. मेंढ्या कशाला घेतील?

चूक ध्यानात आली ती पुढे जर्मन शिकताना. एका धड्यात कुणाच्या तरी वडिलांचा उल्लेख होता आणि त्यांच्या मागे ‘झेलिग’ असा शब्द लावलेला होता. आमच्या बाई म्हणाल्या, म्हणजे ते आता हयात नाहीत. तुम्ही ‘कैलासवासी’ म्हणता ना, तसं. शब्दाचा मूळ अर्थ धन्य, सुखी, देवाची कृपा लाभलेला. आणि जाता जाता म्हणाल्या, इंग्रजीतला ‘सिली’ हा याचाच सख्खा भाऊ. मी वहीत तेवढंच लिहिलं आणि घरी येऊन माझं पुस्तक काढलं. स्पेन्सरची मेंढरं मूर्ख नव्हती. ती निष्पाप होती, दुबळी होती, कुणीतरी सांभाळावं अशी होती. मी त्यांना मूर्ख ठरवून मोकळी झाले होते.

अनुवादकाच्या आयुष्यात अशा चुका होतात आणि त्या दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्तही होतात. ही चूक मात्र डोक्यातून जाईना. कारण अशीच चूक आमच्या घरात पूर्वी एकदा होऊन गेली होती. तिथे मेंढ्या नव्हत्या, माझी आत्या होती. पण आधी शब्दाकडे वळू.

*

जुन्या इंग्रजीत ‘सेल’ म्हणजे सुख, भाग्य, आणि योग्य वेळसुद्धा. आपल्याकडे ‘सुमुहूर्त’ शब्दात जसे काळ आणि कल्याण एकत्र येतात, तसं काहीसं. त्यावरून ‘गेसेलिग’ म्हणजे सुखी, भाग्यवंत. ख्रिस्ती धर्माच्या छायेत या भाग्याला देवाच्या कृपेचा अर्थ आला. तेराव्या शतकाच्या सुमाराला ‘सेली’ माणूस म्हणजे धन्य, पुण्यवान माणूस. जो पुण्यवान तो निष्पाप. जो निष्पाप त्याला जगाचे डावपेच ठाऊक नाहीत. ज्याला डावपेच ठाऊक नाहीत त्याला जग लुबाडतं, म्हणून तो बिचारा. जो बिचारा तो दुबळा. आणि दुबळेपणा अंगाकडून बुद्धीकडे सरकला की माणूस मूर्ख. ही शेवटची पायरी इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. म्हणजे स्पेन्सर लिहीत होता तेव्हा हा शब्द अगदी उंबरठ्यावर उभा होता.

या जिन्याची प्रत्येक पायरी वेगळी पाहिली तर तिच्यात वावगं काही दिसत नाही. ‘निष्पाप’पासून ‘बिचारा’पर्यंत जायला फार लांब जावं लागत नाही. पण वरच्या पायरीवरून थेट खालची पाहिली तर धक्का बसतो. धन्य ते मूर्ख, अवघ्या तीन-चारशे वर्षांत.

मधल्या पायऱ्यांवरचे लेखक मोठे गमतीचे आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘मिलर्स टेल’मधल्या म्हाताऱ्या सुताराला हेच विशेषण लावलं. त्या सुताराची तरुण बायको आणि घरात राहणारा विद्यार्थी मिळून त्याला फसवतात. दुसरा जलप्रलय येणार आहे यावर तो विश्वास ठेवतो, आढ्याला टांगलेल्या लाकडी टबात जाऊन झोपतो आणि शेवटी हात मोडून घेतो. तिथे ‘सेली’ म्हणजे बिचारा की बावळट, हे चॉसर ठरवू देत नाही. त्याला दोन्ही हवं आहे. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथातलं सहज फसणारं कबुतर ‘सिली’ आहे. मूळ हिब्रू शब्दाच्या मुळाशी ‘उघडं असणं’ हा अर्थ आहे: ज्याचं मन सताड उघडं, त्याच्यात कुणीही शिरावं. आणि १७९८ साली, शब्दाचा अर्थ पक्का ‘मूर्ख’ झाल्यानंतर, कोलरिजने आपल्या म्हाताऱ्या खलाशाच्या जहाजावरच्या रिकाम्या बादल्यांना हे विशेषण लावलं. इतके दिवस पाऊस नाही, म्हणून त्या नुसत्याच पडून असलेल्या, बापड्या बादल्या. जुना अर्थ मेला नव्हता, तळाशी जाऊन बसला होता.

आज आपण मराठीतही हा शब्द वापरतो. ‘सिली मिस्टेक’मुळे मुलांचे गणितात मार्क जातात. क्रिकेटमध्ये ‘सिली पॉइंट’ आणि ‘सिली मिड-ऑन’ आहेतच. फलंदाजाच्या इतकं जवळ उभं राहणं म्हणजे खुळेपणाच, म्हणून ते नाव. पण या जागांवर उभं राहायला कोण लागतं ते आपल्याला माहीत आहे. तसंच जवळचं ठिकाण म्हणजे फॉरवर्ड शॉर्ट लेग. तिथे हेल्मेटशिवाय उभं राहून एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले. ते हिंदू जिमखान्याच्या माळ्याचे चिरंजीव. त्यांना खुळा म्हणायची कुणाची छाती होती?

या शब्दाच्या उलट्या दिशेनं गेलेला एक शब्द इंग्रजीत आहे, ‘नाइस’. तो लॅटिन ‘नेस्कियुस’वरून आला, म्हणजे ‘न जाणणारा’, अडाणी. मध्ययुगीन इंग्रजीत ‘नाइस’ माणूस म्हणजे चक्क मूर्ख माणूस. तो पुढे ‘नखरेल’, ‘चोखंदळ’, ‘काटेकोर’ करत करत अठराव्या शतकात ‘छान’ झाला. एक धन्य होता तो मूर्ख झाला, एक मूर्ख होता तो छान झाला. जिन्यात कुठेतरी दोघांची गाठ पडली असणार.

पण ‘नाइस’चा प्रवास विरळा. चांगुलपणाचे शब्द घसरणं हे जास्त नेहमीचं. फ्रेंचमध्ये ‘बने’ म्हणजे बावळट. तो आला ‘बेनेडिक्टुस’वरून, म्हणजे ‘आशीर्वाद लाभलेला’. ‘क्रेटिन’ या शिवीचं मूळ आल्प्समधल्या बोलीत आहे, आणि त्या बोलीत तो शब्द म्हणजे ‘ख्रिस्ती’. गलगंड आणि मतिमंदत्व घेऊन जन्मलेल्या लोकांना तिथले गावकरी ‘हीसुद्धा ख्रिस्ताची माणसंच आहेत’ या अर्थानं तसं म्हणत. दया म्हणून दिलेलं नाव शिवी होऊन बसलं. ग्रीकमध्ये ‘एवेथेस’ म्हणजे सुस्वभावी, आणि तोच शब्द ‘भोळसट’ या अर्थीही. थुसिडिडीजने यादवी युद्धानं माणसांचं काय होतं ते सांगताना लिहिलं आहे की अशा काळात सरळपणाची टर उडवली जाते आणि तो नाहीसा होतो. मला वाटतं, ‘सिली’च्या इतिहासावरचं सगळ्यात नेमकं भाष्य हेच. ते इंग्रजी भाषा जन्मण्याच्या किती तरी आधी लिहिलं गेलं.

*

मी मूळची गुरसरायची. झाशी जिल्ह्यातलं हे गाव महाराष्ट्रातल्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. १७२९ साली छत्रसालाच्या मदतीला बाजीराव धावून गेला, आणि छत्रसालाच्या मृत्यूनंतर बुंदेलखंडाचा तिसरा हिस्सा मराठ्यांकडे आला. मग गोविंदपंत बुंदेले आले. हे मूळचे रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे खेर, पुढे पानिपतच्या आधी महिनाभर मारले गेले. त्यांच्यामागून कारकून, पुराणिक, वैद्य, आचारी, शागीर्द अशी माणसं कोकणातून आणि देशावरून येत राहिली. सागर, जालौन, झाशी, गुरसराय अशी मराठी बेटं तयार झाली. गुरसरायचे राजेही मराठी ब्राह्मण. १८५७च्या धामधुमीत तिथले केशवराव इंग्रजांच्या बाजूनं राहिले. त्यामुळे झाशीच्या राणीची गोष्ट रंगात आली की आमच्या गावाचं नाव जरा चाचरतच निघतं.

आमचं घर त्या कारकुनांपैकी एकाचं. सात-आठ पिढ्या तिथे राहिल्यावर मराठीचं जे होतं ते आमच्या मराठीचं झालं. स्वयंपाकघरात आणि देवघरात ती टिकली, अंगणात तिच्यात बुंदेली मिसळली आणि रस्त्यावर ती थांबली. खुळेपणाच्या शब्दांची तर आमच्याकडे चंगळच होती. बावळा आणि बावरा हे दोन्ही संस्कृत ‘वातुल’चे वंशज, म्हणजे डोक्यात वारं भरलेला. पैकी एक आईचा, एक शेजारणीचा. अजागळ हा आजीचा लाडका. बकरीच्या गळ्याला लोंबणाऱ्या, दूध न देणाऱ्या स्तनावरून आलेला हा शब्द, ‘अजागल’. बकऱ्या दारात बांधलेल्या असल्यामुळे आम्हाला व्युत्पत्ती समोरच दिसे.

एक शब्द मात्र घरात नेहमी घोटाळा करी, ‘भोंदू’. हिंदीत भोंदू म्हणजे साधासुधा, मठ्ठ, सहज फसणारा. मराठीत भोंदू म्हणजे फसवणारा. शेजारचे काका कौतुकानं माझ्या भावाला भोंदू म्हणाले की पुण्याहून लग्न होऊन आलेल्या माझ्या आईचं तोंड उतरे. तिला वाटे, पोराला लबाड म्हणतायत. एकाच शब्दाच्या एका टोकाला फसणारा आणि दुसऱ्या टोकाला फसवणारा. दोन्ही अर्थ एका घरात नांदत असले की कोण कुणाला फसवतंय ते कळत नाही. हे मी लहानपणी विनोद म्हणून ऐकलं. आता त्याचं हसू येत नाही.

धाकट्या आत्यासाठी मात्र सगळ्या भाषांत एकच शब्द होता. घरचे म्हणत ‘भोळी’, शेजारीपाजारी म्हणत ‘भोरी’. तिचं लग्न झालं होतं. दोन वर्षांत नवरा गेला आणि ती परत आली. पुढची चाळीस वर्षं ती वाड्याच्या मागच्या खोलीत राहिली. दारात आलेल्याला ती पीठ द्यायची आणि भाव विचारणाऱ्याला खरा भाव सांगायची. दूधवाल्यानं हिशेबात चूक केली आणि ती आमच्या फायद्याची असली, तरी सांगायची. मग घरातले म्हणत, ‘भोळी आहे गं ती.’ त्या म्हणण्यात माया होती, हे मी नाकारत नाही.

*

गुरसरायहून झाशीला आणि झाशीहून दतियाच्या बाजूला गेलं की गुजर्रा नावाचं एक छोटं गाव लागतं. आता ते मध्य प्रदेशात. तिथल्या टेकडीच्या पायथ्याशी एका शिळेवर ब्राह्मी लिपीतल्या काही ओळी आहेत. १९५०च्या दशकात त्या विद्वानांच्या नजरेस आल्या. त्यांचं महत्त्व असं की त्यांत ‘देवानांपिय पियदसि’ याच्या जोडीला ‘अशोकराज’ हे नावही कोरलेलं आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी वाचली तेव्हा देशभरच्या शिळांवर बोलणारा हा ‘देवांना प्रिय’ राजा कोण, हे त्याला उमगेना. आधी त्याला वाटलं, हा सिंहलद्वीपाचा राजा असावा. जॉर्ज टर्नरनं पाली ग्रंथांच्या आधारे तो अशोक असल्याचं दाखवलं. दगडावर प्रत्यक्ष नाव सापडलं ते १९१५ साली कर्नाटकातल्या मस्कीला, आणि त्यानंतर गुजर्ऱ्याला.

मी तिथे प्रथम गेले ते एम.ए. करत असताना, आणि पुन्हा गेले ते ती जर्मनची चूक सापडल्यावर. कारण तोपर्यंत मला आठवलं होतं की संस्कृतच्या वर्गात आम्हाला ‘देवानांप्रिय’ या सामासिक शब्दाचा अर्थ सरळ ‘मूर्ख’ असा शिकवला होता. सम्राटाची पदवी आणि मूर्खाचं नाव, दोन्ही एकच.

‘देवानांप्रिय’ ही काही एकट्या अशोकाची पदवी नव्हती. त्याचा नातू दशरथ, सिंहलचा तिस्स, सगळ्यांना ती लागे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाच्या काही प्रतींत तर पूर्वीच्या राजांना सरसकट हाच शब्द वापरला आहे. या आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली आपल्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याला भगवानलाल इंद्रजींना सापडला होता. जैन आगमांत ‘देवाणुप्पिय’ हे एकमेकांना हाक मारायचं आदराचं संबोधन आहे. पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे अशोकानंतर शंभरेक वर्षांनी, ‘भवान्‌’, ‘दीर्घायु’, ‘आयुष्मान्‌’ यांच्या पंगतीत ‘देवानांप्रिय’ बसलेला दिसतो. आपल्या ‘चिरंजीव’ किंवा ‘राजश्री’सारखा.

पण त्याच महाभाष्यात एक गोष्ट आहे, आणि ती मला फार आवडते. एक वैयाकरण रथाजवळ येऊन विचारतो, या रथाचा ‘प्रवेता’, म्हणजे हाकणारा, कोण? सारथी म्हणतो, आयुष्मन्‌, मी याचा ‘प्राजिता’. वैयाकरण दटावतो, हा अपशब्द आहे. त्यावर सारथी शांतपणे सांगतो की या देवानांप्रियाला नियम कुठे लागतो तेवढं ठाऊक आहे, लोकांना कोणतं रूप हवं असतं ते ठाऊक नाही. इथे देवानांप्रिय म्हणजे काय? आदरार्थी ‘महाराज’? की आपण ‘काय महाराज, शहाणेच आहात’ असं म्हणतो तेव्हाचा ‘महाराज’? सारथ्याच्या ओठांच्या कडा किंचित वर गेल्या असतील, एवढंच. चॉसरचा सुतार आणि पतंजलीचा वैयाकरण एकाच पायरीवर उभे आहेत. पुढे समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात ‘मूर्खलक्षणां’नी केली आणि शेवट ‘पढतमूर्खा’च्या लक्षणांनी. तो वैयाकरण त्या शेवटच्या समासात सहज सामावला असता.

यापुढची घसरण व्याकरणाच्या पोथ्यांत दिसते. समासात षष्ठीचा प्रत्यय एरवी लोप पावतो. पाणिनीचं एक सूत्र सांगतं की निंदा करायची असेल तर तो लोप पावत नाही. या सूत्रावर कात्यायनानं काही पुरवणी जोडली आणि तीत ‘देवानांप्रिय’ आला. पण त्याच पुरवणीत ‘वाचोयुक्ति’ आहे, शुनःशेपासारखी विशेषनामं आहेत. तिथे निंदेचा काही संबंध नाही. म्हणजे कात्यायनाच्या मनात हा नुसता प्रत्यय टिकवणाऱ्या शब्दांचा जमाखर्च असावा. ‘मूर्ख’ हा शब्द त्याच्या वार्तिकात नाही. आठव्या शतकाच्या आसपास शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपक्षाला ‘देवानांप्रिय’ म्हणतात तेव्हा टोमणा स्पष्ट आहे. आणि सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत त्या जुन्या वार्तिकाला ‘मूर्खे’ असं शेपूट लागलेलं दिसतं: देवानांप्रिय हे रूप मूर्ख या अर्थी. आम्ही वर्गात शिकलो ते हे.

यावर नेहमी दिलं जाणारं उत्तर असं: अशोक बौद्धांचा राजा, म्हणून वैदिक पंडितांनी सूड घेतला आणि त्याच्या पदवीची शिवी केली. या उत्तरात काही तथ्य नसेल असं मी म्हणत नाही. शंकराचार्यांच्या काळी वादाचा ताप होताच. पण ‘सिली’शेजारी ठेवून पाहिलं की हे उत्तर अपुरं वाटतं. इंग्लंडात ‘धन्य’ या शब्दाशी कुणाचं वैर नव्हतं. ज्यांनी तो शब्द खाली उतरवला ते सगळे भाविकच होते, दर रविवारी चर्चमध्ये जाणारे. फ्रेंच ‘बने’ला कुणी परधर्मीयानं बावळट केलं नाही. शब्दाला खाली आणायला शत्रू लागत नाही. घरची माणसं पुरतात.

मग माझ्या मनात येतं की ‘देवांचा लाडका’ या कल्पनेतच एक खोच आहे. देवांचा लाडका, म्हणजे माणसांच्या व्यवहारात न बसणारा. आपण शंकराला भोळा सांब म्हणतो, भोलेनाथ म्हणतो, आणि भस्मासुराची गोष्ट हसत हसत सांगतो. देव असल्यामुळे तो त्यातून सुटला. विष्णू मोहिनी होऊन धावून आला. माणूस भोळा असला तर मोहिनी येत नाही.

गुजर्ऱ्याच्या त्या लेखाचं जे घराणं आहे, म्हणजे अशोकाचे लघुशिलालेख, त्यात राजा सांगतो की मी मनापासून झटू लागलो त्याचं हे फळ, आणि हे फक्त थोरांनाच मिळतं असं नाही. ‘खुदक’, म्हणजे लहान माणूससुद्धा झटला तर मोठा स्वर्ग मिळवू शकतो. ‘खुदक’ म्हणजे संस्कृतमधला ‘क्षुद्रक’. आज मराठीत क्षुद्र म्हणजे हलका, नीच मनाचा. तेव्हा तो नुसता लहान होता. म्हणजे त्या एका शिळेवरचे दोन शब्द, राजाचा आणि रयतेचा, दोन्ही पुढे घसरले. शिळा जागच्या जागी आहे.

*

आता आत्याची गोष्ट.

नव्वदीच्या दशकात, आजोबा गेल्यानंतर काही वर्षांनी, वाड्याचा रस्त्याकडचा भाग विकायचं ठरलं. तिथे दुकानं होणार होती, किंमत चांगली येत होती. वारसांत आत्याचंही नाव होतं. तिला एक दिवस कचेरीत नेलं आणि हक्कसोडीच्या कागदावर तिची सही घेतली. सही मराठीत, मोडी वळणाची, आजोबांनी शिकवलेली. घरी परत येताना तिच्यासाठी गुजिया आणली होती, हे मला आठवतं. मला त्यातली अर्धी मिळाली होती. त्या रात्री ओसरीवर कुणीतरी विचारलं, तिला नीट सांगितलं होतं ना? आणि कुणीतरी उत्तर दिलं, ‘भोळी आहे ती, तिला काय कळतंय.’

मी तिथेच बसले होते. तोवर मायेनं म्हटला जाणारा शब्द त्या वाक्यात अचानक कामाला लागला. ‘भोळी आहे’ हे कारण झालं आणि ‘तिला काय कळतंय’ हा निष्कर्ष. इंग्रजीला ज्यासाठी तीनशे वर्षं लागली ते अंतर आमच्या ओसरीवर एका वाक्यात कापलं गेलं. अर्थात हे सगळं मला आता सुचतंय. तेव्हा मी गुजिया खाल्ली.

त्या विक्रीच्या पैशातला आमच्या वाट्याचा भाग माझ्या शिक्षणाला लागला. गावाबाहेर राहून तौलनिक साहित्यात एम.ए. करायचं म्हणजे फी आली, वसतिगृह आलं, पुस्तकं आली. ज्या कोशांत पुढे मी ‘सिली’ शोधला त्यांतला एक त्याच काळात घेतलेला. हिशेब मांडला तर त्याच्या किमतीत आत्याचा काही अंश निघेल.

ती जाण्याच्या आदल्या वर्षी मी गुरसरायला गेले होते. मेंढ्यांची चूक ताजी होती, म्हणून मी तिला ती गोष्ट सांगितली. इंग्रजीत एक शब्द आहे, आत्या, त्याचा अर्थ पूर्वी धन्य असा होता, आता खुळा असा आहे. ती वाती वळत होती. म्हणाली, ‘मग काय झालं? तसंच असतं.’ थोड्या वेळानं मीच विचारलं, त्या कागदाचं. तुला ठाऊक होतं का गं, कशावर सही करतेयस ते?

‘वाचता येतं की मला,’ ती म्हणाली. ‘कळत नव्हतं असं नाही, बाळ. पण नाही म्हटलं असतं तर भांडण झालं असतं, आणि राहायचं तर याच घरात होतं. दादाला वाईट वाटलं असतं.’ दादा म्हणजे माझे वडील. मग ती जरा थांबून म्हणाली, ‘तुम्ही मला भोळी म्हणता ते बरंच असतं. तुम्हाला सोपं जातं.’

मी गप्प राहिले. तिनं वाती डब्यात भरल्या आणि चहा टाकायला उठली.

त्यानंतर मी कोशातल्या पायऱ्या वेगळ्या नजरेनं वाचते. धन्य, निष्पाप, बिचारा, दुबळा, मूर्ख: या यादीत ज्या माणसाबद्दल बोललं जातंय तो बदलतच नाही. तो तसाच आहे, खरा भाव सांगत, दारातल्याला पीठ देत. बदलतात ते बोलणारे. त्यांची गरज बदलते. आपल्या हातून काहीतरी व्हायचं असतं, आणि ते ज्याच्यावर व्हायचं त्याला कळत नाही असं आधी ठरवून घेतलेलं बरं असतं. कोशात शब्दापुढे शतकं लिहिलेली असतात. कुणाच्या ओसरीवर काय घडलं ते लिहिलेलं नसतं.

*

गेल्या वर्षी त्या संकलनाची नवी आवृत्ती निघाली. मला दुरुस्त्या विचारल्या. मी बरेच दिवस मेंढ्यांसाठी शब्द शोधत होते. ‘धन्य मेंढरं’ फारच वर जात होतं. ‘भोळी’ मला लिहवेना. ‘बापडी’ जवळ होता, पण त्यात दया जरा जास्त झाली. ‘बिचारी’ हा मूळ फारसी, ज्याच्यापाशी उपाय नाही तो. मेंढ्यांना तोही चालला असता.

शेवटी मी ‘गरीब’ हा शब्द घेतला. अरबीत गरीब म्हणजे परका, घरापासून दूर असलेला. फारसी-उर्दूतून येता येता तो निर्धन झाला. आणि मराठीनं त्याला आणखी एक अर्थ दिला: स्वभावानं गरीब, गरीब गाय. जी मारत नाही, शिंगं उगारत नाही. हा अर्थ अजून खाली घसरलेला नाही. आपण अजूनही ‘मुलगी गरीब आहे हो’ असं म्हणतो तेव्हा तिला मूर्ख म्हणत नाही, निदान सगळे म्हणत नाहीत. किती दिवस तसं राहील ते आपल्यावर आहे.

नव्या आवृत्तीत आता ‘गरीब मेंढरं’ आहेत. दुरुस्ती एका शब्दाची, सात ठिकाणी. छापील प्रत आली तेव्हा मी गुरसरायला होते. वाड्याच्या रस्त्याकडच्या भागात आता एक मोबाइलचं दुकान आहे, एक कपड्यांचं. मागची खोली बंद असते. मी ती उघडून घेतली, झाडली, आणि प्रत तिथल्या कोनाड्यात ठेवून आले. तिथे अजून वातींचा डबा होता.